पाणी सोडणाऱ्याला ताप येतो तेव्हा

नळाला पाणी उशिरा आले की गाव बोलते. पाणी सोडणारा तीन दिवस तापाने फणफणत पडला होता, हे मात्र गावाला कळतही नाही, कारण त्या तीन दिवसांत वॉल्व्ह त्याच्या पोराने फिरवलेला असतो. मोटार चालू करायला भाऊ गेलेला असतो, टाकीत टाकायची टीसीएल पावडर बायकोने कालवून दिलेली असते. हजेरीपुस्तकात सही त्याचीच. पगारही कापला जात नाही, म्हणून सरपंचापासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाटते की माणसाला सांभाळून घेतले, भरपगारी रजाच दिली की! माझे म्हणणे नेमके उलटे आहे. याला रजा म्हणत नाहीत. एका माणसाच्या पगारात अख्खे घर राबवून घेण्याची ही जुनी रीत आहे, आणि ग्रामपंचायत नावाच्या मालकाने ती अजून सोडलेली नाही.

हे लिहिताना डोळ्यांपुढे खर्डा आहे. जामखेड तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगररांगांतले, बीड आणि धाराशिवच्या हद्दीला लागून असलेले बाजाराचे गाव. निंबाळकरांचा किल्ला, ११ मार्च १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई, २०२१ पासून किल्ल्यापाशी फडकणारा ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज, एवढे बाहेरच्या माणसाला ठाऊक असते. २०१४ साली एका शाळकरी दलित मुलाच्या खुनाने हेच नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत गेले होते, तेही विसरून चालणार नाही, कारण गावात झाडू कुणाच्या हातात असतो हा प्रश्न पुढे येणारच आहे. नाव एवढे मोठे असले तरी कारभार ग्रामपंचायतीचा. आणि खर्ड्यात जे आहे ते थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातल्या हजारो ग्रामपंचायतींत आहे: एक-दोन पाणीपुरवठा कर्मचारी, दोन-चार सफाई कामगार, एक शिपाई, एक वसुली कारकून, आणि दिवाबत्ती बघणारा, जो बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणीतरी असतो.

ग्रामपंचायतीच्या कचेरीत एकाच छताखाली दोन प्रकारची शरीरे काम करतात. पहिले ग्रामसेवकाचे. सप्टेंबर २०२४ पासून त्यांचे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले. ते जिल्हा परिषदेचे नोकर, त्यामुळे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसारख्या रजा त्यांना मिळतात. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा, वैद्यकीय दाखला जोडला की तीच अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, शिवाय ८ दिवस किरकोळ रजा. त्यांना कावीळ झाली तर शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. कागद हलतो, शिक्का बदलतो, आणि काविळीचा माणूस घरी पडून राहतो. हे योग्यच आहे.

दुसरे शरीर ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचे. त्याची नेमणूक पंचायतीने केलेली, पगार ग्रामनिधीतून आणि सरकारी हिश्श्यातून. कुठे कुठे सेवाशर्तींचा कागद असतो आणि शोधले तर त्यात रजेचे कलमही सापडेल. पण कागदावरची रजा घेता यायला मागे काम करणारा दुसरा माणूस लागतो, आणि तो पंचायतीने ठेवलेलाच नसतो. मोठ्या दुकानदारावरसुद्धा कायद्याने याहून जास्त बंधन घातले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कचेऱ्या मात्र त्या कायद्यातून वगळल्या. सरकार आपल्या माणसांना दुकानदारापेक्षा बरेच वागवणार, असे त्यामागचे गृहीत. ग्रामसेवकापुरते ते खरे ठरले. वॉल्व्हवाल्यापुरते ते साफ खोटे ठरले, आणि आजवर कुणी विचारलेही नाही.

का विचारले नाही, याचे उत्तर पगाराच्या तक्त्यात मिळणार नाही. ते गावगाड्यात आहे.

१९५८ साली त्या वेळच्या मुंबई राज्याच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. एक ग्रामपंचायतींचा, जो आजही महाराष्ट्रात लागू आहे. दुसरा कनिष्ठ गावनोकरांची वतने नष्ट करणारा. हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. एका हाताने गावाचा जुना चाकर मोकळा केला, दुसऱ्या हाताने गावाला नवा मालक दिला. जुन्या चाकरीत काय होते? १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, तेव्हा महार वतनाची जी चिरफाड केली तिच्यात एक मुद्दा असा होता की हे काम एका माणसाला लागलेले नाही, घराला लागलेले आहे. वेळेचे बंधन नाही, चोवीस तास हाकेला ओ द्यायची. आणि वतनदार जागेवर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला जुंपता येते. म्हणजे आजारी पडण्याची सोय होतीच. एक आजारी पडला की दुसरा उभा. चाकर आजारी पडत असे, चाकरी नाही.

आजच्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला वतनदार म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला किमान वेतन लागू आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, त्याची संघटना आहे, जिल्हा परिषदेवर मोर्चा नेण्याची त्याची ताकद आहे. त्याच्यापुढे काठी घेऊन कुणी उभा नाही. तरीही त्याला ताप आल्यावर त्याच्या पोराला उठवले जाते, तेव्हा सरपंचाच्या तोंडून बोलणारा मालक १९५८ च्या कोणत्या कायद्यातून आला आहे, हे मला कळत नाही.

सफाईच्या कामात हे अधिक उघडे दिसते. पाण्याच्या मोटारीवर प्रसंगी गावातला दुसरा कुणी जाईल, गटारीत उतरायला जात नाही. तिथे बदली म्हणजे घरचाच माणूस, बहुतेक वेळा बायको. शहरांत लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकऱ्यांनी कितीतरी कुटुंबे तगली आहेत, तिला हलके लेखण्याचा अधिकार मला नाही. पण ती सवलतही हेच सांगते की हे काम या घराचे आहे. आजारी माणसाला घरी बसवून बाहेरच्या माणसाला त्याच्या जागी, त्याच पगाराने उभे करणे ही जातीच्या दृष्टीने खरी अवघड गोष्ट आहे. म्हणूनच आजारपणाच्या रजेचा प्रश्न मी कामगार कल्याणाच्या खात्यात टाकत नाही.

राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ४० वे कलम ग्रामपंचायतींचे आहे. त्याला लागूनच ४१ वे, ज्यात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक मदतीचा उल्लेख येतो. ४२ वे कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीचे. तिन्ही कलमे एकाखाली एक. पंचायतराजाची भाषणे चाळिसाव्यावर सुरू होतात आणि चाळिसाव्यावरच संपतात.

आता गावाच्या स्वार्थाने बोलू, कारण न्यायाच्या भाषेला ग्रामसभेत टाळ्या मिळतात, ठराव मिळत नाहीत. पाणी सोडणाऱ्याचे काम म्हणजे नुसता वॉल्व्ह फिरवणे नव्हे. टाकीची क्षमता पाहून टीसीएल पावडर किती घ्यायची, आधी बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी टाकीत सोडायचे, अर्धा तास थांबायचे, मग नळाच्या टोकाला ओटी चाचणी घेऊन क्लोरीन पोचले की नाही बघायचे. जलसुरक्षक नमुने घेतो, आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणातून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आठवी-नववीतला पोरगा बापाच्या जागी गेला की पावडर अंदाजाने पडते किंवा पडतच नाही. आणि बाप स्वतःच विषमज्वराने किंवा अतिसाराने आजारी असून, कुणी बदली नाही म्हणून, त्याच हातांनी टाकीवर चढला, तर काय होऊ शकते हे सांगायला डॉक्टर लागत नाही. साथ आली की आरोग्य केंद्राचे पथक घरोघर फिरते, लाल कार्ड मिळते, ग्रामसेवकाला नोटीस जाते. पाणी सोडणाऱ्याच्या अंगात ताप होता का, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

हे खर्ड्याच्याच तालुक्यात समजावून सांगावे लागावे याचे वाईट वाटते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ज्या बायकांना गावाने कधी ओट्यावर बसवून घेतले नव्हते, ज्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, हगवण, बाळाचे वजन, पाण्याची स्वच्छता या बायका सांभाळू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांनी तिथे पाहिले ते इतकेच की गावाचे आरोग्य दवाखान्याच्या खाटेवर ठरत नाही. ते विहिरीवर, गटारीवर आणि चुलीपाशी ठरते. जामखेडने हे जगाला सांगितले. पण त्या विहिरीवर आणि गटारीवर रोज ज्याचा हात असतो त्याच्या स्वतःच्या आरोग्याची तजवीज त्याच तालुक्यातल्या पंचायतींच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. आशा सेविकांचे तेच. त्या आजाऱ्याच्या दारात जातात, स्वतः आजारी पडल्या तर कामावर आधारित मोबदला तेवढा बुडतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येणारच. तो खोटा नाही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला काही हिस्सा राज्य सरकार देते, किती द्यायचा ते लोकसंख्या आणि करवसुली पाहून ठरते. उरलेला पंचायतीने घालायचा. घरपट्टी-पाणीपट्टी थकली की तो थकतो, आणि महिनोन्महिने थकतो, ही संघटनांची जुनी तक्रार आहे. यातला तर्क जरा नीट बघा. वसुली करणे हे पंचायतीचे काम, कर भरणे हे गावाचे. दोघांनी आपापले काम केले नाही की दंड झाडूवाल्याला. मळ्यात बंगला बांधलेला माणूस चार वर्षांची पाणीपट्टी थकवतो आणि वर ग्रामसभेत विचारतो की नोकरांना रजा द्यायला पंचायतीकडे पैसे आहेत का. आहेत की नाहीत हे खरे तर त्यानेच सांगायचे.

वित्त आयोगाचा निधी आहे, असे कुणी म्हणेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जे अनुदान ठरवले त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे पाण्याची टाकी बांधायला पैसा आहे, पाइप टाकायला आहे, घंटागाडी घ्यायला आहे. टाकी साफ करणाऱ्या, पाइप दुरुस्त करणाऱ्या, घंटागाडी ओढणाऱ्या माणसावर तो खर्च करायला बंदी. दिल्लीतल्या हिशेबनिसाला यात शिस्त दिसत असेल. पंचायती अनुदान पगारात उडवून टाकतील ही भीती मला समजते, तशा पंचायती असतातही. पण पाणीपुरवठा म्हणजे सिमेंट आणि लोखंड, माणूस नव्हे, असा या अटीचा व्यवहारातला अर्थ होऊन बसला आहे.

आणि रक्कम तरी केवढी? सहा कर्मचारी असलेल्या पंचायतीत प्रत्येकाला वर्षाला १२ दिवस आजारपणाची रजा धरा. ७२ दिवस झाले. बदली माणसाला दिवसाला ५०० रुपये धरले तरी वर्षाचे ३६,००० रुपये. चौकात एक हायमास्ट दिवा उभा करायला याच्या कितीतरी पट लागतात, आणि त्याच्या उद्घाटनाला आमदार येतात. सप्टेंबर २०२४ मध्येच सरपंच-उपसरपंचांचे मानधन दुप्पट करण्याचा निर्णय झाला. तो व्हायलाच हवा होता. तेव्हा राज्याला पैसा सापडत नाही असे नाही. तो कुणासाठी शोधला जातो एवढाच प्रश्न.

गावातून येणारी सगळ्यात बोचरी हरकत मात्र पैशाची नसते. ती अशी: आमच्या शिवारातल्या मजुराला कुठे रजा आहे? ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला कुठे आहे? पंचायतीचा माणूस निदान घरच्या भाकरीवर आहे, मग त्याचेच लाड का? हा भाग ऊसतोड कामगारांचा आहे, म्हणून ही हरकत झटकून टाकता येत नाही. एक दिवस आजारी पडले की मुकादम खाडा धरतो, मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला. राज्याने नेमलेल्या समितीपुढे १३ हजारांहून अधिक अशा शस्त्रक्रिया आल्या. खाडा पडू नये, पाळीत काम बुडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. आजारी पडण्याची मुभा नसली की माणूस कुठपर्यंत जातो, याचा याहून भयंकर पुरावा मला माहीत नाही.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? मुकादम रजा देत नाही म्हणून सरकारनेही देऊ नये, हा? गावात मालक पुष्कळ आहेत. कायदा ज्याच्या मानगुटीवर थेट बसू शकतो असा मालक एकच, तो म्हणजे पंचायत. तिने खाडा धरण्याचीच रीत चालवली तर बागाईतदाराला आणि मुकादमाला कुणी काय सांगायचे?

खोट्या आजारपणाचे म्हणाल तर ते होणारच. पन्नास-शंभर रुपयांत दाखला मिळतो हे पांढरपेशा नोकरदाराने गावाला शिकवले आहे, झाडूवाल्याने नव्हे. शिवाय पाचशे उंबऱ्यांच्या गावात पाणीवाला आजारी आहे की मेहुण्याच्या लग्नाला गेला आहे हे लपून राहत नाही.

जगाचा दाखला द्यायचा तर आजारपणाचा विमा जर्मनीने १८८३ मध्येच आणला. अमेरिकेत मात्र सर्व कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणारा कायमचा देशव्यापी कायदा आजही नाही; सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००६ मध्ये आपल्या शहरापुरता कायदा मंजूर केला आणि मग इतर शहरे, राज्ये त्या वाटेने गेली. आपल्याकडे १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने मजुराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय झाली. मालकाचा हिस्सा पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. १२,००० रुपये पगारावर महिन्याला पंचायतीचे ३९० आणि कर्मचाऱ्याचे ९०. नगरपालिका-महापालिकांतल्या कंत्राटी आणि हंगामी कामगारांना यात आणण्याच्या हालचाली २०२१ मध्ये केंद्राने केल्या. ग्रामपंचायत तेव्हाही कुणाला आठवली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेलाही, मालक आणि बहुसंख्य कामगारांची तयारी असेल तर, स्वेच्छेने सामील होता येते. ही वाट ग्रामपंचायतींना मोकळी करून देणारे परिपत्रक ग्रामविकास खात्याने काढायला हवे. मात्र विम्याचे पैसे पहिले दोन दिवस मिळत नाहीत, आणि दवाखाना लांब असतो. लांबलेल्या दुखण्याला तो उपयोगी, दोन दिवसांच्या तापाला नाही. ते दोन दिवस पंचायतीनेच उचलायचे.

राहता राहिला बदली माणूस, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच अडतो. मुंबईच्या गिरण्यांनी १९३५ च्या सुमारास बदली कामगारांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. गैरहजर माणसाच्या साच्यावर रोज सकाळी नोंदलेल्यांपैकी कुणाला तरी उभे करायचे. गिरणी मालकांनी हे दयेने केले नाही, साचा बंद राहणे त्यांना परवडत नव्हते. गावालाही पाणी बंद राहणे परवडत नाही, तरी तेवढा हिशेबीपणा पंचायतीने दाखवलेला नाही. एकेका गावाला स्वतंत्र बदली ठेवणे जमणार नाही हे मान्य. पण जामखेडच्या पंचायत समितीला तालुक्यासाठी सात-आठ शिकवून तयार केलेली माणसे महिन्याच्या पगारावर ठेवता येतील. टीसीएलचे प्रमाण कळणारी, मोटारीचा स्टार्टर ओळखणारी, गटारीत उतरताना बूट-हातमोजे मागणारी. आज खर्डा, उद्या नान्नज, परवा अरणगाव. निरोप ग्रामसेवकाने द्यायचा, खर्च जिल्हा परिषदेने आणि राज्याने वाटून घ्यायचा, वसुलीशी त्याचा संबंध जोडायचा नाही.

गिरण्यांतला बदली कामगार वर्षानुवर्षे दारात उभा राहायचा, काम मिळाले नाही त्या दिवशी उपाशी परतायचा, आणि त्याला स्वतःला रजा नसायची. ती चूक पुन्हा व्हायला नको. ठराव करताना दोन ओळी त्यात स्पष्ट लिहाव्यात: बदलीवर येणारा माणूस आजारी कर्मचाऱ्याच्या घरातला नसेल, आणि त्या बदली कामगाराला ताप आला, तर त्याच्या जागी कोण जाईल.